पहिले २०० किलोमीटर: खाणं घड्याळावर, पाणी तहानेवर

२०० किलोमीटरच्या पहिल्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, नाव नोंदवलं की नवखा सायकलस्वार सायकल सर्व्हिसिंगला टाकतो, जादा ट्यूब घेतो, दिवे चार्ज करतो, रस्त्यावरचे चढ पाठ करतो. खाण्याचं मात्र 'वाटेत मिळेल काहीतरी' एवढ्यावरच सोडून देतो. मिळतंही. आपल्याकडे टपऱ्यांना तोटा नाही. पण दीडशेव्या किलोमीटरला समोर गरम वडापाव असतो आणि अन्नावरची वासनाच उडालेली असते. डोकं हलकं झालेलं, पोटात ढवळतंय, पुढचा चढ डोंगराएवढा वाटतोय. अर्ध्यावर सोडलेल्या ज्या राईड मी जवळून पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच पायांमुळे नाही तर पोटामुळे सुटल्या होत्या. हे टाळता येतं, त्यासाठी महागड्या वस्तू लागत नाहीत, आणि लागणारं जवळजवळ सगळं आपल्या स्वयंपाकघरात किंवा रस्त्याच्या कडेला मिळतं. फक्त किती आणि केव्हा, हे आधी ठरवलेलं हवं.

आधी हिशेब

२०० किलोमीटरच्या बीआरएमला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास. ताशी २० किलोमीटर धरले तर २०० साठी प्रत्यक्ष पेडल मारायला १० तास जातात आणि थांब्यांसाठी साडेतीन तास हाताशी राहतात. या लयीत चालवणारा माणूस, वजन आणि चढ यांनुसार, ताशी साधारण ४०० ते ५०० किलोकॅलरी जाळतो. म्हणजे दिवसभरात चार-पाच हजार.

शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम असतो. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर पूर्ण भरलेला साठाही दोन हजारांच्या आसपासच जातो. उरलेली भर चरबी घालते. चरबी सडपातळ माणसाकडेही भरपूर असते, पण ती सावकाश जळते. वेग वाढवला किंवा घाट लागला की शरीर साखरच मागतं. ती संपली की सायकलवाले ज्याला 'बाँक' म्हणतात ते होतं: हात थरथरतात, घाम थंड लागतो, विनाकारण चिडचिड होते आणि सपाट रस्त्यावरही सायकल पुढे सरकत नाही.

जाळलेलं सगळं वाटेत भरून काढायचं नसतं, आणि पोटाला ते झेपणारही नाही. नवख्याने ताशी ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं डोळ्यांसमोर ठेवावीत. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतडं ताशी साठेक ग्रॅमच्या पुढे फारसं शोषू शकत नाही. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्ही मिळून घेतल्यावर सराव झालेले स्पर्धक ९० ग्रॅमपर्यंत जातात. आपली साधी साखर, गूळ आणि उसाचा रस यांच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. त्यामुळे फक्त ग्लुकोजची पावडर विकत घेण्यापेक्षा घरातली साखर अनेकदा बरी पडते.

पायरी पहिली: आदली रात्र आणि सकाळ

आदल्या दोन दिवसांत एवढंच करा: भात थोडा वाढवा, तेलकट आणि तिखट कमी करा, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, भाकरी आणि कोशिंबिरी आदल्या दिवशी टाळा. हे पदार्थ उत्तमच आहेत, पण त्यांचा चोथा दुसऱ्या दिवशी खोगिरावर त्रास देतो. आदल्या रात्री वरणभात, तूप, एखादी पोळी, हवं तर शिरा. 'उद्या लागेल' म्हणून नेहमीच्या दुप्पट जेवण्यात काही अर्थ नाही. झोप बिघडते आणि सकाळी पोट जड राहतं. आठ-साडेआठला जेवून घ्या.

सकाळचं खाणं सुरुवातीच्या दीड-दोन तास आधी व्हायला हवं. सहाची सुरुवात असेल तर साडेचारला. कमी तेलाचे पोहे, दाणे जवळजवळ नसलेले, हा माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा नाश्ता. तीन-चार इडल्या चालतात, चटणी नावापुरती. गूळ-पोळी आणि केळंही चालतं. इतक्या पहाटे घशाखाली काही उतरत नसेल तर केळं आणि चहा घ्या आणि उरलेलं पहिल्या तासात भरून काढा. उठल्यापासून निघेपर्यंत अर्धा लिटर पाणी हळूहळू प्या. निघताना गटागटा बाटली रिकामी केली तर दहाव्या किलोमीटरला झाडामागे थांबावं लागतं, एवढंच.

पायरी दुसरी: खिशात काय भरायचं

मी हा डबा तीन भागांत विचारात घेतो: चावायला मऊ आणि गोड, खारट, आणि संकटासाठी राखीव.

गोड भागात गूळ-पोळीचा रोल हा माझा सगळ्यांत आवडता पदार्थ. मऊ पोळीवर तुपाचं बोट फिरवायचं, किसलेला गूळ पसरायचा, चिमटीभर मीठ भुरभुरायचं, घट्ट गुंडाळी करायची आणि दोन घासांचे तुकडे कापून प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळायचा. पेपरचं एक टोक पिळून ठेवलं की ग्लोव्ह्ज न काढता एका हाताने उघडतं. एका पूर्ण रोलमधून ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. तूप जास्त लावलं तर ते पोटात रेंगाळतं, गूळ जास्त झाला तर उन्हात पाघळून पेपरला चिकटतो. घरी एकदा करून, जर्सीच्या मागच्या खिशात घालून दोन तास फिरून या, म्हणजे प्रमाण कळेल.

खजूर बिया काढून न्या. चालत्या सायकलवर बी थुंकणं जमत नाही आणि मागच्याच्या तोंडावर जातं. साध्या चार खजुरांतून साधारण २५ ग्रॅम मिळतात. एका मध्यम केळ्यातून तेवढेच, पण केळी खिशात नेऊ नका. दहा वाजेपर्यंत त्यांचं शिकरण होतं. ती वाटेत घ्या. पार्ले-जीची पाच-सहा बिस्किटं म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम. फक्त कोरड्या घशात ती अडकतात, म्हणून पाण्यासोबत. राजगिऱ्याचे लाडू हलके असतात, पण खिशात भुगा होतात. ते हँडलबारच्या बॅगेत डबीत ठेवावेत. शेंगदाण्याची चिक्की लोक मोठ्या विश्वासाने नेतात. तिच्यात चरबी बरीच असते, ती सावकाश पचते, आणि धापा टाकताना कडक तुकडा चावणं धोक्याचं आहे. ती सपाट रस्त्यावर, सकाळच्या वेळात, छोटे तुकडे करून खा.

खारट भाग बहुतेक नवखे विसरतात. सहा-सात तास गोड खाल्ल्यावर जीभ गोडाला नाही म्हणते. खजूर तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही. अशा वेळी सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग किंवा खारे दाणे देवासारखे धावून येतात. मीठ-जिरेपूड लावलेले लहान उकडलेले बटाटेही चांगले, पण ते सकाळसाठी. बटाटे आदल्या रात्री उकडून, सोलून, गार करून पिशवीत भरा आणि सकाळी दहाच्या आत संपवा; एप्रिलच्या उन्हात ते दुपारपर्यंत टिकत नाहीत. एका मध्यम बटाट्यातून २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. लिंबाच्या लोणच्याची एखादी फोड छोट्या डबीत ठेवा. तोंडाला चव आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

राखीव म्हणजे जर्सीच्या एका खिशात कायम दोन एनर्जी जेल (पुडीतून थेट तोंडात पिळायचा घट्ट, गोड पाक) किंवा लिमलेटच्या मूठभर गोळ्या. यांना इतर वेळी हात लावायचा नाही. जेल घेतलं की वर साधं पाणी प्या; गोड सरबत नको, पोट ढवळतं.

उपवास असला तरी हे सगळं जमतं. आषाढीच्या सुमारास सायकलने पंढरपूरला जाणारे बरेच जण उपवासात असतात. केळी, खजूर, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचे लाडू, सैंधव घातलेलं लिंबूपाणी यावर दिवस निघतो. साबुदाण्याची खिचडी मात्र दाण्याचं कूट आणि तूप यांमुळे जड पडते. घ्यायचीच तर लांबच्या थांब्यावर, अर्धी वाटी.

पायरी तिसरी: दोन बाटल्या, दोन कामं

सायकलला दोन बॉटल केज हवेतच. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, दुसऱ्या बाटलीत साधं. साधं पाणी तोंड खळखळायला, जेलवर प्यायला आणि दुपारी मानेवर, डोक्यावर ओतायला लागतं. साखरेचं पाणी डोक्यावर ओतलं की पुढचे पाच तास चिकचिक आणि माश्या.

७५० मिलिलिटरच्या बाटलीसाठी माझं प्रमाण: चहाचे ५ ते ६ सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. यातून पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर आणि ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. उन्हाळ्यात ज्यांना खारट घाम येतो त्यांनी मीठ किंचित वाढवावं. चव समुद्रासारखी नको, नेहमीच्या सरबतापेक्षा जराशी खारट. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घातलं तर दुपारी फार छान लागतं. पण आगळात आधीच मीठ असतं, त्यामुळे वेगळं मीठ चाखूनच घाला. वाटेत भरण्यासाठी साखर-मिठाच्या कोरड्या मिश्रणाच्या तीन-चार पुड्या घरूनच बांधून न्या. टपरीवर उभं राहून चमचे मोजत बसावं लागत नाही.

ओआरएसबद्दल जरा सविस्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. म्हणजे क्षार भरपूर, साखर थोडी. ओआरएस प्यायलो म्हणजे खाणं झालं, हा गैरसमज सोडा. लिटरभर ओआरएसमधून दोन खजुरांइतकीच साखर मिळते. दुसरं, लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच मिसळायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं पाकीट ओतलं तर ते फार घट्ट होतं आणि पोट बिघडतं. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटंही मिळतात, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. तिसरं, खोक्यात मिळणारी काही गोड फळपेयं वर्षानुवर्षं नावात ओआरएस लावून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना तो शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली पावडरच मागा.

पायरी चौथी: किती प्यायचं

'तहान लागली म्हणजे उशीर झालाच' हे वाक्य प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये ऐकू येतं. खाण्याच्या बाबतीत ते खरं आहे, कारण भूक लागेपर्यंत साठा बराच उतरलेला असतो आणि खाल्लेलं रक्तात यायला वेळ लागतो. पाण्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. तहान ही बरीच विश्वासार्ह खूण आहे. ती दाबू नका आणि तिच्यापुढे धावूही नका. तासन् तास तहानेपेक्षा जास्त साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. संथ चालवणाऱ्या, प्रत्येक थांब्यावर लिटरची बाटली संपवणाऱ्या नवख्यांनाच याचा धोका जास्त. पाणी कमी पडल्याची लक्षणं वरवर अशीच दिसतात आणि सोबतचे लोक काळजीपोटी आणखी पाणी पाजतात, म्हणून हे माहीत असायला हवं.

आपला घाम किती, हे मोजता येतं. सरावाच्या एका दिवशी, ज्या वेळी राईड असणार त्याच वेळी, निघण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीच्या लयीत चालवा, किती पाणी प्यायलात ते मोजा, परत येऊन घाम पुसून पुन्हा वजन करा. समजा ६८ किलोचे ६७.४ झालात आणि अर्धा लिटर प्यायलात, तर तासाला १.१ लिटर घाम गेला. साधारणपणे घाम ताशी अर्धा ते दीड लिटर जातो, कडक उन्हात काहींचा दोन लिटरपर्यंत. गेलेला सगळा घाम तासाच्या तासाला भरायचा नाही. दिवसअखेर वजन दोनेक टक्क्यांनी उतरलेलं चालतं. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात.

प्रदेशानुसार फसगत होते ती इथेच. अलिबाग-मुरूड किंवा दापोलीच्या किनाऱ्यालगत हवा दमट असते, घाम वाळत नाही, जर्सी पिळून निघते, त्यामुळे घाम जातोय हे डोळ्यांना दिसतं. पण वाळत नसल्यामुळे अंगही थंड होत नाही. तिथे वेग कमी करणं हाच उपाय. देशावर, पंढरपूर-सोलापूरकडे, कोरडा वारा घाम येताक्षणी पळवतो. जर्सी कोरडी असते आणि 'आज घामच नाही' असं वाटतं. अशा वेळी हेल्मेटच्या पट्ट्यांकडे पाहा. त्यांवर पांढरी रेघ उमटली असेल, तर पाणीही गेलंय आणि मीठही.

पायरी पाचवी: रस्त्यावर

घड्याळात किंवा सायकल कॉम्प्युटरवर दर ३० मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की २० ते २५ ग्रॅमचं काहीतरी तोंडात टाकायचं, भूक असो वा नसो. पहिला घास निघाल्यापासून अर्ध्या तासाने, तेव्हा तर पोट भरलेलंच वाटत असतं. तरी खा. पहिल्या तीन तासांत खाल्लेलं दुपारी उपयोगी पडतं, दुपारी सुचलेलं शहाणपण त्या दुपारी उपयोगी पडत नाही.

उदाहरण म्हणून पुणे-सातारा-पुणे घेऊ; शहरातून कुठून निघता त्यानुसार २०० ते २२० किलोमीटर भरतात. सहाला निघालात तर कात्रजचा चढ ओलांडून खेड शिवापूरकडे उतरताना पहिला गजर होऊन गेलेला असतो. उतारावर खायचं नाही. दोन्ही हात ब्रेकवर. उतार संपल्यावर खा. शिरवळ साधारण पन्नासाव्या किलोमीटरवर. इथे दहा मिनिटं थांबून दोन्ही बाटल्या भरा आणि केळं खा, कारण पुढे खंबाटकी घाट आहे. चढावर धाप लागलेली असताना चावणं जमत नाही आणि पोटाकडचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, म्हणून घन पदार्थ चढाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, चढावर फक्त बाटलीतले घोट. एका हाताने चालवणं अजून जमत नसेल तर दर अर्ध्या तासाला बाजूला मिनिटभर थांबून खा. दहा तासांत वीस मिनिटं गेली तर काही बिघडत नाही, हायवेवर तोल गेला तर बरंच बिघडतं.

सुरूर-भुईंजच्या पट्ट्यात उन्हं चढलेली असतात. वाटेत रसवंती दिसली तर एक ग्लास उसाचा रस घ्या, मीठ-लिंबू-आलं घालून, बर्फ न घालता. एका ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते कुणाला माहीत नसतं, आणि उरलेली राईड पोट धरून करायची नसेल तर तो नकोच. रस आपल्यासमोर काढलेला हवा, ग्लास विसळलेला हवा. पावसाळ्यात मी रस पूर्ण टाळतो. पाणीही शक्यतो सील असलेल्या बाटलीचं, झाकणाची कडी तुटताना आवाज येतो की नाही ते पाहून.

नारळपाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी. घामातून मुख्यतः सोडियम जातं, म्हणून नारळपाण्यासोबत मूठभर खारे दाणे खा. ताक, मीठ-जिरे घालून, ओळखीच्या ठिकाणी जरूर घ्या. चहाने पाणी कमी होतं ही भीती सोडा, दिवसाला दोन-तीन कप चहाने काही होत नाही, उलट दुपारची सुस्ती जाते.

साताऱ्यात मुख्य जेवण. थाळी सांगू नका. वरणभात किंवा दहीभात अर्ध्या पोटी, मिठाचं बोट लावून. रस्सा, उसळ, पापड, भजी यांना आज रजा. तेलकट जेवण पोटातून पुढे सरकायला तासन् तास घेतं आणि तेवढा वेळ बाकीचं खाणंही त्याच्या मागे अडकून राहतं. कंदी पेढा एखादा खा, बाकीचे घरी न्यायला बांधून घ्या. पंचवीस मिनिटांत उठा. बीआरएममध्ये ठरलेल्या थांब्यावर पोहोचल्याचा शिक्का कार्डावर घेऊन गप्पांत बसलं की त्याचा तास कधी होतो कळत नाही, आणि पाय आखडतात ते वेगळंच. जेवणानंतरचा पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चालवा.

बारा ते चार हा खरा परीक्षेचा काळ. ऊन वाढलं की घन खाणं नकोसं होतं, तेव्हा साखरेचं प्रमाण बाटलीत वाढवा: दर बाटलीत आठ चमचे चालतील. प्रत्येक थांब्यावर टोपी, बफ (गळ्याभोवतीचं फडकं), जर्सीच्या बाह्या ओल्या करा. अंग थंड राहिलं तर पोटही चालू राहतं. मळमळीचं कारण पुष्कळदा खाणं नसून तापलेलं शरीर असतं. शेवटच्या चाळीस किलोमीटरला गोड बंद, भडंग आणि चहा. कात्रजच्या परतीच्या चढाआधी खेड शिवापूरला थांबून काहीतरी खाच. 'आता काय, घर आलंच' म्हणून लोक इथे खाणं सोडतात.

दुकानं विरळ असलेल्या रस्त्यांवर हिशेब बदलतो. ताम्हिणीकडे मुळशी मागे पडली की फारसं काही मिळत नाही. तिथे तीन तासांचं खाणं आणि तिसरी बाटली सोबत हवी. घाटातल्या वळणांवर माकडं असतात. त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका आणि त्यांना खाऊही घालू नका. रिकामे कागद परत खिशात.

बिघडलंच तर

बाँक झाला असं वाटलं की लगेच सावलीत थांबा. राखीव गोळ्या, जेल किंवा उसाचा रस, एका वेळी २५-३० ग्रॅम साखर. मग पंधरा मिनिटं शांत बसा. घाबरून एकदम चार केळी खाऊ नका. थरथर थांबली की हळू निघा आणि पुढचा तास दर वीस मिनिटांनी थोडं खा.

पोटरीत गोळा आला तर सगळे मीठ चाटायला सांगतात. मीठ कमी पडलेलं असू शकतं, पण बरेचदा कारण दमलेला स्नायू असतो, सवयीपेक्षा जड गिअर ओढल्यामुळे. स्नायू ताणा, हलक्या गिअरवर या, खारट पाणी घोट-घोट प्या.

मळमळ सुरू झाली तर वेग उतरवा, गोड थांबवा, साध्या पाण्याचे घोट, मान आणि मनगटं ओली. वीस मिनिटांनी खारट बिस्किटाने पुन्हा सुरुवात करा. उलटी झाली तर ओआरएस चमच्या-चमच्याने.

यापलीकडे दोन गोष्टी रस्त्यावर सोडवायच्या नसतात. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस भलतंच बोलतोय, म्हणजे ऊन लागलंय: सावली, अंगभर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन. भरपूर पाणी पिऊनही डोकं फुटतंय, उलट्या होतायत, बोटं सुजलीत: पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी वरची मीठ-साखरेची प्रमाणं आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावीत.

परत आल्यावर

पहिल्या तासात जेवा: वरणभात, पिठलं-भात, अंडी, पनीर, जे आवडेल ते, पण प्रथिनं वीसेक ग्रॅम पोटात जायला हवीत. पाणी एकदम नको. वजन जितकं उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट, पुढच्या काही तासांत, जेवणासोबत. सकाळपासून डोळ्यांसमोर असलेली मिसळ दुसऱ्या दिवशी खा, तेव्हा ती बाधत नाही.

पुढच्या रविवारपासून

आतड्यालाही सराव लागतो. पहिल्या रविवारी ४०-५० किलोमीटर, ताशी ३० ग्रॅम, घामाचं मोजमाप. त्यानंतरच्या रविवारी ६०-७०, ताशी ४० ग्रॅम, गूळ-पोळी आणि मीठ-साखरेची बाटली. मग १०० किलोमीटर, एक घाट असलेले, ताशी ५० ग्रॅम, मध्ये अर्ध्या पोटी दहीभात आणि लगेच पुढे. यातलं जे बाधेल ते यादीतून काढा आणि त्याच्या जागी दुसरं आणून तेही रविवारीच तपासा. घरी आल्यावर तास, खाल्लेलं, प्यायलेलं आणि पोट कसं होतं, एवढं वहीत लिहून ठेवा. बीआरएमच्या आठवड्यात वही उघडायची आणि जे दोन रविवार नीट बसलं तेवढंच, तितकंच बांधून घ्यायचं. सोबतच्या कुणी वाटेत नवं जेल पुढे केलं तर आभार मानून खिशात टाका आणि त्यानंतरच्या सरावाला खाऊन बघा.